मोठे फुटबॉल प्रशिक्षक अधिवेशनात शिकवतात, त्यातलं शाळेच्या मैदानापर्यंत किती पोचतं?

लष्करचा_गोली (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या एका शाळेत खेळ शिकवतो आणि मुलींचा फुटबॉल संघ सांभाळतो. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. नोकरी संगणकाची, पण शनिवार-रविवार तिथल्या एका क्लबात लहान मुलींना फुटबॉल शिकवतो. दर जानेवारीत तो 'युनायटेड सॉकर कोचेस'च्या अधिवेशनाला जातो आणि परतला की फोनवर मला सगळं सविस्तर सांगतो. यंदा त्याने हट्टच धरलाय, "मामा, पुढच्या वेळी आपण याच. राहायचं माझ्याकडे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही अमेरिकेतल्या फुटबॉल प्रशिक्षकांची संघटना, १९४१ सालची. २०१७पर्यंत तिचं नाव 'नॅशनल सॉकर कोचेस असोसिएशन ऑफ अमेरिका' होतं. अधिवेशन कधी फिलाडेल्फिया, कधी शिकागो, कधी बाल्टिमोर, असं शहर बदलत भरतं. हजारो प्रशिक्षक येतात. विश्वचषक जिंकलेल्या खेळाडू, राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक, विद्यापीठांत वर्षानुवर्षं संघ घडवणारी माणसं तिथे बोलतात, मैदानावर उतरून शिकवतात.

मला मोठ्या माणसांचं दर्शन हवंच आहे, ते नाकारत नाही. पण एवढा खर्च आणि शाळेतून रजा काढून जायचं, तर परत आल्यावर माझ्या मुलींच्या खेळात काही दिसायला हवं. आमचं मैदान म्हणजे माती, उन्हाळ्यात दगडासारखी कडक. चेंडू मोजके, मुली भरपूर. तिथे शिकवतात ते असल्या मैदानावर चालतं का? कुणी गेलं असेल तर खुलेपणाने सांगा. आणि असं काही आपल्याकडे, ग्वाल्हेरात, का होत नाही?

मुरारकर

जाऊन या सर! आणि जाताना गजक न्या. जानेवारीत जाताय म्हणजे ताजी मिळेल. भाचा खूश, भाच्याचा क्लबही खूश.

फिलीची_वैदेही

गोलीसर, मी फिलाडेल्फियाजवळ राहते, माहेर आमचं ग्वाल्हेरच, जिंसी. माझी मुलगी खेळते आणि मी तिच्या क्लबात मदतनीस प्रशिक्षक आहे, त्यामुळे २०२३ साली अधिवेशन आमच्या गावी आलं तेव्हा मी गेले होते. जरा लांबण लावते.

तिथे तीन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. एकीकडे बाजार. जाळी, गोलपोस्ट, जीपीएसचे पट्टे, सरावाची ॲप, गुडघ्याचे आधार, सगळ्यांची दुकानं. तिथे पहिल्या दिवशी फार वेळ घालवू नका. दुसरीकडे खोल्यांमध्ये व्याख्यानं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी खरोखर जावं, ती म्हणजे मैदानी सत्रं. प्रदर्शनाच्या अवाढव्य दालनात कृत्रिम गवत अंथरलेलं असतं. त्यावर त्याच शहरातल्या क्लबांची मुलं-मुली सरावाच्या कपड्यांत उभी. प्रशिक्षकाच्या कानापाशी माइक. चहूबाजूंनी बाकांवर आपल्यासारखे लोक वह्या घेऊन बसलेले, जो तो मैदानाचे चौकोन काढून बाण मारतोय.

त्या मुलांना प्रशिक्षकाने आधी कधी पाहिलेलं नसतं. नावंही माहीत नसतात. तासाभरात त्यांच्याकडून काही करून घ्यायचं असतं. माणूस किती जाणता आहे ते तिथे कळतं. एका बाईंचं सत्र मी पाहिलं. चार विरुद्ध चारचा साधा खेळ लावला होता. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग एका मुलीने चेंडू मिळण्याआधी मान वळवून मागे पाहिलं, तेव्हा शिट्टी वाजवली. सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं आणि तिलाच विचारलं, "तू आत्ता काय पाहिलंस?" ती म्हणाली, "डावीकडे कुणी नव्हतं." बस्स. खेळ पुन्हा सुरू. पुढच्या पाच मिनिटांत आठच्या आठ मुली माना वळवायला लागल्या. मी हे माझ्या क्लबात तसंच्या तसं केलं. त्याला ना गवत लागतं, ना चेंडू जास्त लागतात.

त्या वर्षी तिथेच महिलांच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट झाला, म्हणजे क्लब आळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात तो. पहिली निवड ॲलिसा थॉम्पसन. अठरा वर्षांची, अजून शाळेतच होती. शाळेतून थेट निवड झालेली ती त्या लीगमधली पहिलीच. माझी लेक माझ्या शेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांकडे पाहून मला वाटलं, तिकिटाचे पैसे इथेच वसूल झाले. तो ड्राफ्ट आता बंद झालाय, २०२४च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने तो काढायला लावला. आपण कुठे खेळायचं ते आता मुली स्वतः ठरवतात, आणि मला ते जास्त योग्य वाटतं.

करवीरचा_पठ्ठ्या (कोल्हापूर)

ताई, वर्णन झकास. पण माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल कुठल्या अधिवेशनातनं आला नाही. तालमींनी वाढवला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठाच्या पेठा ओस. पोरगं चालायला लागलं की चेंडूला पाय लावतं आणि बघून बघून शिकतं. आमचा अनिकेत जाधव २०१७चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तो इथल्याच मातीतला आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. अमेरिकेतला मोठा माणूस तासभर येणार, माइक लावून चार गोष्टी सांगणार, फोटो काढणार आणि जाणार. पोरांना रोज मैदानावर उभा राहणारा माणूस लागतो ओ. गोलीसर, तोच पैसा चेंडूंना घाला, मी म्हणतो. दहा-बारा चांगले चेंडू आले तर संघ बदलेल.

मुरारकर

पठ्ठ्याभाऊ, चेंडू येतील हो. पण रोज उभा राहणारा माणूस शिकणार कुठून?

करवीरचा_पठ्ठ्या

करून करून शिकतो की!

दौलतगंजकर

फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, नातू खेळतो म्हणून हा धागा वाचतोय. पण विषय विद्येचा आहे, आणि त्यावर ग्वाल्हेरच्या माणसाने गप्प बसू नये.

पठ्ठ्या म्हणतात की बघून शिकतात. खरं आहे. आपल्या गावची आख्यायिकाच आहे की हस्सू खाँ आणि हद्दू खाँ यांना बडे महंमद खाँची गायकी हवी होती, आणि ते शिकवायला तयार नव्हते. मग दरबाराने या दोघांना पडद्याआड बसवून ती ऐकवली. विद्या अशी चोरावी लागत होती! पुढे तुमच्याच बाजूचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी हाल सोसत ग्वाल्हेरला आले आणि वासुदेवबुवा जोशींकडे शिकले. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून जो येईल त्याला शिकवायला सुरुवात केली. इथे ग्वाल्हेरात कृष्णराव पंडितांनी १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. पडद्याआडून उघड्या वर्गात यायला किती पिढ्या गेल्या पाहा.

वैदेहीने सांगितलेलं अधिवेशन मला त्याच जातीचं वाटतं. मोठी माणसं आपली चीज शेकडो लोकांसमोर उलगडून दाखवतात आणि समोरच्याला वहीत उतरवून घ्यायला सांगतात. हे फार मोठं मन आहे. त्याला फोटोचा कार्यक्रम म्हणू नये.

करवीरचा_पठ्ठ्या

काका, बुवांचं नाव काढलंत, मी निम्मा गप्प 🙏 पण बुवा ग्वाल्हेरात वर्षानुवर्षं राहिले. चार दिवसांत घरी गेले नाहीत.

दौलतगंजकर

हा मुद्दा मात्र बिनतोड. मान्य.

मैदानी_मास्तर

मी ग्वाल्हेरच्या एलएनआयपीईचा, म्हणजे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेचा विद्यार्थी. सध्या भोपाळला असतो. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

चार दिवसांत माणूस प्रशिक्षक होत नाही. त्यासाठी परवान्याची शिडी आहे. आपल्याकडे महासंघाचा डी, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि प्रो. गोलीसरांनी डी केला नसेल तर अमेरिकेच्या आधी तो करावा. अधिवेशन हे शिकलेल्यांनी धार लावायला जायचं ठिकाण. आपला प्रश्न तयार असेल तर उत्तर मिळतं. रिकाम्या डोक्याने गेलं तर पिशवीभर पत्रकं आणि टोप्या घेऊन माणूस परततो.

आणि आपल्याकडे मोठे प्रशिक्षक नव्हते असं कुणी समजू नये. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ला दिल्लीत आणि १९६२ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलं, आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. रहीमसाहेब हैदराबादेत अशा स्पर्धा भरवत, जिथे फक्त कच्च्या, म्हणजे सवयीच्या नसलेल्या, पायानेच चेंडू मारायचा. दुसरी अशी, जिथे ड्रिबल करायचंच नाही, चेंडू आला की पुढे द्यायचा. केवढी साधी आणि खोल युक्ती! कुठलंही मैदान चालतं. १९६३ साली ते गेले. ऐन भरात असताना त्यांना शाळाशाळांच्या शिक्षकांसमोर उभं करून त्यांचं सगळं लिहून घ्यायला हवं होतं. असं अधिवेशन आपल्याकडे तेव्हा असतं तर रहीमसाहेबांची विद्या गावोगावी पोचली असती. मला याची मनापासून हळहळ वाटते.

शिंदेछावणी

मास्तर, कच्च्या पायाची स्पर्धा उद्याच आमच्या कॉलनीत लावतो!

थोडं विषयांतर. ग्वाल्हेर म्हटलं की फुटबॉलच्या आधी हॉकी आठवते. रूपसिंह इथेच राहिले, इथल्याच फौजेत होते. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यात दहा गोल त्यांचे. त्यांच्या नावाच्या मैदानावर २०१०च्या २४ फेब्रुवारीला सचिनने नाबाद २०० केल्या. हॉकीवाल्याचं मैदान, क्रिकेटचा विक्रम. फुटबॉलने तिथे काय करायचं ते अजून बाकी आहे.

मुरारकर

त्या दिवशी मी मैदानात होतो. विषय काढू नका, रात्रभर लिहीत बसेन.

होळकरनगरी (इंदूर)

हॉकीचा विषय निघालाय तर आमच्या महूचं नाव घ्यायलाच हवं. शंकर लक्ष्मण, १९५६, ६० आणि ६४ अशा तीन ऑलिंपिकमधला भारताचा गोलकीपर. सुरुवातीला तो फुटबॉल खेळायचा! गोलीसर, हे आपल्या मुलींना सांगा.

आणि एक स्वस्तातला मार्ग. २०२१ साली करोनामुळे ते अधिवेशन पूर्ण ऑनलाइन झालं होतं. मी इंदुरात बसून पाहिलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचे सकाळचे नऊ म्हणजे जानेवारीत आपले संध्याकाळचे साडेसात, त्यामुळे पहिली सत्रं जेवणाआधी आणि बाकीची मध्यरात्रीपर्यंत. व्याख्यानं घरबसल्या छान कळली. मैदानी सत्रं मात्र पडद्यावर अर्धीच वाटतात. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि प्रशिक्षक कुठे उभा आहे, कुणाकडे पाहतोय, तेच दिसत नाही.

लष्करचा_गोली

सगळ्यांचे आभार, वाचून अंगात उत्साह आलाय. मास्तर, डी परवाना झालेला आहे, सीसाठी अर्ज करतोय. शंकर लक्ष्मणांचं मला ठाऊक नव्हतं, मी स्वतः गोलकीपर, त्यामुळे विशेष आनंद झाला.

वैदेहीताई, भाचा सारखा अँसन डोरन्स यांचं नाव घेतो. त्यांचं नेमकं काय शिकण्यासारखं आहे?

फिलीची_वैदेही

डोरन्स म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेची एकवीस अजिंक्यपदं त्यांच्या नावावर आहेत. १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकलेल्या अमेरिकी संघाचेही तेच प्रशिक्षक. मिया हॅम त्यांचीच विद्यार्थिनी. २०२४मध्ये ते निवृत्त झाले. या अधिवेशनांत ते वर्षानुवर्षं बोलत आलेत आणि काही हातचं राखत नाहीत.

त्यांच्या पद्धतीचा गाभा असा. सरावात जे जे कराल त्याचा निकाल लिहायचा. एकास एक कोण जिंकलं, हेडर कुणी जिंकले, धावण्यात कितवी आली, छोट्या सामन्यात कुणाचा संघ जिंकला. सगळं वहीत, आणि यादी भिंतीवर. ही कल्पना त्यांनी त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्याकडून घेतली. शेजारच्या खेळाकडून घ्यायला त्यांना संकोच वाटला नाही, हे मला फार आवडतं. मुली एकमेकींना दुखवायचं नाही म्हणून सरावात हात आखडता घेतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. आकडे भिंतीवर लागले की जोर लावायला परवानगी मिळते. मैदानावर मैत्रिणीला हरवायचं आणि नंतर तिच्याबरोबर जेवायचं, हे मुलींना कुणीतरी सांगावं लागतं.

यासाठी एक वही आणि वही धरायला एक राखीव खेळाडू लागते. बाकी काही नाही.

जिवाजीगंजची_आई

इथे मी जरा अडते. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, गेल्या वर्षीपासून खेळते. भिंतीवर यादी लावली आणि तिचं नाव शेवटी आलं, तर दुसऱ्या दिवशी ती मैदानावर येणार नाही. घरातल्यांना तेच हवंय. "झालं ना खेळून? आता अभ्यासाला बस." विद्यापीठात निवडून आलेल्या मुलींचं निराळं. आमच्या मुलींना मैदानावर टिकवणं हेच पहिलं काम आहे. आमच्या मैदानाजवळ धड कपडे बदलायला जागा नाही, संध्याकाळी लवकर अंधार पडतो, परत न्यायला कुणीतरी लागतं. मोठ्या अधिवेशनात या गोष्टींवर कुणी बोलतं का?

करवीरचा_पठ्ठ्या

ताईंना माझा जोरदार पाठिंबा. बारा वर्षांच्या पोरीला क्रमांक लावायचा नाही. पोरांनासुद्धा नाही.

फिलीची_वैदेही

ताई, बोलतात, आणि बरंच बोलतात. यादीबद्दलचं आपलं म्हणणं मला पटतं. ती पद्धत मोठ्या मुलींची आहे. लहानांसाठी टोनी डिचिको यांच्याकडे पाहावं. गोलीसर, हे आपल्या जातीचे, गोलकीपर! १९९१च्या संघात डोरन्स यांच्याबरोबर गोलकीपरांचे प्रशिक्षक होते. मग मुख्य प्रशिक्षक म्हणून १९९६चं ऑलिंपिक सुवर्ण आणि १९९९चा विश्वचषक. तो अंतिम सामना रोझ बोलमध्ये ९०,१८५ लोकांसमोर झाला. पेनल्टीत ब्रायाना स्करीने चीनची एक अडवली आणि ब्रँडी चॅस्टेनने शेवटची मारली. ते २०१७ साली गेले, पण प्रशिक्षकांच्या बैठकीत त्यांचं नाव अजून निघतंच. मुलीने नीट केलं तो क्षण पकडायचा आणि तिथेच, मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायचं, ही त्यांची रीत. चुकांसाठी खेळ थांबवायला कुणालाही येतं. मी आधी सांगितलेल्या बाईंनी शिट्टी कधी वाजवली ते आठवा.

आणि घरातल्या विरोधाचं म्हणाल तर अमेरिकेतही हे आपोआप झालेलं नाही. १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलींना डावलायचं नाही, खेळातसुद्धा. त्यानंतर विद्यापीठांत मुलींचे संघ उभे राहिले. जिल एलिस यांचंच पाहा. २०१५ आणि २०१९, लागोपाठ दोन विश्वचषक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षिका. जन्म इंग्लंडचा. तिथे १९२१ साली महासंघाने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती पन्नास वर्षं टिकली. एलिस लहान असताना बंदी उठली होती, तरी मुलींसाठी धड संघ नव्हते. वडील प्रशिक्षक, तरीही! १९८१मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा संघ मिळाला. आपल्या मुलीला ही गोष्ट सांगा.

जिवाजीगंजची_आई

सांगितली. तिने विचारलं, "वडील कोच असून संघ नव्हता?" आणि बराच वेळ विचार करत बसली. वैदेहीताई, मनापासून आभार.

नर्मदाकाठ (जबलपूर)

सगळे इथून तिकडे जायचं बोलताय, म्हणून तिकडून इकडे झालेलं सांगतो. आपल्याच राज्यात शहडोल जिल्ह्यात विचारपूर गाव आहे, त्याला 'मिनी ब्राझील' म्हणतात. गावात घराघरांत खेळाडू, मुलीसुद्धा. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये आणि पुढे एका परदेशी मुलाखतकाराशी बोलताना या गावाचा उल्लेख केला. ते जर्मनीच्या डीटमार बायर्सडॉर्फर यांच्या ऐकण्यात आलं. हे स्वतः राष्ट्रीय संघाकडून खेळलेले, त्या वेळी इंगोलश्टाट क्लबात. त्यांनी होऊन संपर्क साधला आणि २०२५मध्ये विचारपूरची काही मुलं-मुली आणि त्यांची प्रशिक्षिका जर्मनीत सरावाला गेली.

पण विचारपूर त्याआधी वर्षानुवर्षं खेळत होतं. स्थानिक प्रशिक्षक रोज मैदानावर होते म्हणून जगाला दाखवायला काही होतं. पठ्ठ्याभाऊंचा मुद्दा इथे पुरता लागू पडतो.

करवीरचा_पठ्ठ्या

नाद खुळा! हेच मी म्हणतोय मघापासनं.

शिंदेछावणी

मग ग्वाल्हेरात छोटं काहीतरी करायला काय हरकत आहे? १९५७पासून आपल्या शहरात देशभरच्या खेळशिक्षकांना घडवणारी संस्था आहे. तिथून शिकून गेलेले प्रशिक्षक प्रत्येक राज्यात सापडतात. त्यांतले दोघं-तिघं सुट्टीत घरी आले तरी पुरे.

मैदानी_मास्तर

मीही तेच लिहिणार होतो. भाषणं नकोत, हारतुरे नकोत. एक मैदान, एकच मुलींचा गट. चार प्रशिक्षक, प्रत्येकाला पाऊण तास. बाकीचे कडेला वह्या घेऊन बसतील. प्रत्येक सत्रानंतर पंधरा मिनिटं प्रश्न, आणि प्रश्न टोकदार हवेत. इथे का थांबवलंत? तिला का काही बोलला नाहीत? सगळी आखणी एका माणसाने लिहून काढायची आणि येणाऱ्या प्रत्येक शाळेला प्रत द्यायची. रहीमसाहेबांच्या बाबतीत जे राहिलं, ते निदान आपल्या आवाक्यातल्या माणसांच्या बाबतीत राहू नये.

सत्राच्या मैदानावर नेहमीचेच कमी चेंडू आणि तीच कडक माती ठेवायची. चकचकीत टर्फवर दाखवलं तर शिक्षक घरी जाऊन म्हणतील, आपल्याकडे नाही जमायचं.

जिवाजीगंजची_आई

आणि चारांपैकी निदान एक बाई हवी. कडेला आयांनाही बसू द्या. माझ्या सासूबाईंना मी घेऊन येईन. त्यांनी एकदा पाहिलं तर घरातला अर्धा वाद संपेल.

दौलतगंजकर

दुपारच्या खाण्याची जबाबदारी माझ्याकडे. बेडई आणि बहादुराचे लाडू.

मुरारकर

काका, मग दुपारनंतरच्या सत्रात धावणार कोण? लाडू शेवटी ठेवा 😄

फिलीची_वैदेही

गोलीसर, आपला मूळ प्रश्न बाजूला राहिला, यावं की नाही. माझं मत, यावं, पण आधी हे ग्वाल्हेरचं होऊ द्या. ते केलंत की आपल्याला कुठे अडतं ते कळेल आणि तोच प्रश्न घेऊन इथे या. व्हिसाची मुलाखत द्यावी लागेल, तारखा लांबच्या मिळतात, म्हणून अर्ज आत्ताच करा. कार्यक्रमपत्रिका आली की मोठी नावं पाहून सत्रं निवडू नका. आपल्या वयोगटाच्या मुलींना जो शिकवतोय त्याचं सत्र आधी, मग गोलकीपरांचं एक, आणि संध्याकाळी एखादं मोठं नाव. सत्र संपल्यावर प्रशिक्षक थोडा वेळ गवताच्या कडेला उभे असतात. लोक फोटोसाठी गर्दी करतात. आपण वही उघडून आकृती पुढे करा. मोठी माणसं आकृती दिसली की थांबतात, हा माझा अनुभव आहे.

लष्करचा_गोली

ठरलं. व्हिसाचा अर्ज करतो, आणि त्याआधी दसऱ्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरचं शिबिर. आमच्या मुख्याध्यापकांशी आज बोललो, मैदान मिळेल. मास्तर, आपण एक सत्र घ्यायचं, नाही म्हणायचं नाही. गोलकीपरांचं मी घेतो. कच्च्या पायाचा सामना शेवटी, त्यात आलेले सगळे शिक्षक खेळतील. बाई प्रशिक्षक कुणाच्या ओळखीत असतील तर निरोपातून कळवा. पठ्ठ्याभाऊ, कोल्हापूरहून येणार का? तालमीची पद्धत दाखवायला आपल्यालाही पाऊण तास.

करवीरचा_पठ्ठ्या

येतो की! आमच्या तालमीतले एक वस्ताद आहेत, साठीच्या पुढचे. पोरांकडनं अनवाणी पास करून घेतात, बघत राहावं असं. त्यांना घेऊन येतो. मुक्कामाची सोय तेवढी बघा.

दौलतगंजकर

आमच्याकडे उतरा. वरची खोली रिकामीच आहे.

होळकरनगरी

मी इंदूरहून कॅमेरा घेऊन येतो. दोन लावू, एक चेंडूवर आणि एक फक्त प्रशिक्षकावर.

मैदानी_मास्तर

दुसरा कॅमेरा फार महत्त्वाचा. सत्र घेतो, गोलीसर. माझा विषय, चेंडू येण्याआधी मान वळवणं, बारा ते चौदा वयोगट. संघ ओळखायला अंगावर चढवायचे बिब दोन रंगांचे लागतील. आपल्या शाळेत किती आहेत ते कळवा, कमी पडले तर मी भोपाळहून आणतो.